सही कुणाची, मुलूख कुणाचा



मला दिलेला विषय आहे ‘दोन महायुद्धांच्या दरम्यानचे तह आणि बदलत्या आघाड्या’. हा विषय निघाला की पॅरिस, जिनिव्हा, म्युनिक ही नावं आठवतात. ती आज येतीलच. पण लोणंदला उभं राहून हा विषय मांडायचा तर सुरुवात लोणंदपासूनच केली पाहिजे, कारण १९१९ ते १९३९ या वीस वर्षांत आपलं गाव निरनिराळ्या अंमलांच्या सांध्यावर वसलेलं होतं, आणि हे सगळे अंमल शंभर वर्षांपूर्वीच्या करारांवर उभे होते.

माउलींच्या पालखीची वाट बघा. वाल्ह्याहून पालखी निघते, नीरेत पादुकांना स्नान होतं आणि नदी ओलांडून ती लोणंदला मुक्कामी येते. इथवरची वाट त्या काळी इंग्रजी मुलखातली. इथून तरडगावकडे निघालं, चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं, की फलटणच्या नाईक निंबाळकरांचं राज्य. बरड सोडून धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात पाऊल टाकलं की पुन्हा इंग्रजी अंमल. पश्चिमेला भोरच्या पंतसचिवांचा मुलूख. भाटघरचं धरण त्यांच्या हद्दीत, आणि त्या धरणाच्या पाण्यावर चालणारे नीरेचे कालवे मात्र बहुतेक इंग्रजी मुलखात आणि फलटणात. लोणंदच्या स्टेशनात मिरजेच्या गाडीत बसलेला माणूस वाठार, कोरेगाव, कराड असा इंग्रजी हद्दीतून जायचा, मध्येच कुंडलच्या शिवारात औंध संस्थानात शिरायचा, किर्लोस्करवाडीचा कारखाना त्याच संस्थानातला, आणि पुढे पटवर्धनांच्या सांगली-मिरजेच्या मुलखात उतरायचा. वारकऱ्याला किंवा त्या प्रवाशाला हद्द ओलांडताना काही वाटत नसे. पण त्याच्यावर खटला झाला, त्याची जमीन गेली, त्याला सभा घ्यायची झाली, तर कुठल्या हद्दीत आपण आहोत यावर सगळं ठरायचं.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. त्या वीस वर्षांत जगात करारांचा पूर आला होता. युरोपातही आला आणि आपल्या दख्खनच्या संस्थानांतही आला. त्यातले बहुतेक करार मोडले. का मोडले याची उत्तरं मुत्सद्द्यांच्या स्वभावात शोधायची पद्धत आहे. मला वाटतं उत्तर दुसरीकडे आहे. ज्यांच्या जमिनीचा आणि जिवाचा प्रश्न होता त्यांना त्या बैठकीत जागा नव्हती. आणि ज्या एका ठिकाणी ती जागा दिली गेली, ते ठिकाण लोणंदहून फार दूर नाही.

थोडं मागं जाऊ. पुरंदरचा तह आपल्याला शाळेपासून पाठ असतो, पण साताऱ्याचा १८१९चा तह फारसा कुणाला ठाऊक नसतो. पेशवाई बुडाल्यावर २५ सप्टेंबर १८१९ रोजी कंपनी सरकारनं छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी तह केला. राज्य दिलं, पण कंपनीला विचारल्याशिवाय बाहेरच्या कुणाशी व्यवहार ठेवायचा नाही असं कलम घातलं. पुढच्याच वर्षी, १८२० साली, औंधचे पंतप्रतिनिधी, भोरचे पंतसचिव, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले यांच्याशी वेगळे करार झाले. जहागिरी छत्रपतींच्या, हमी कंपनीची. वीस वर्षांनी, १८३९ साली, त्याच कलमाचा आधार घेऊन गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा ठपका प्रतापसिंहांवर ठेवला गेला आणि त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. रंगो बापूजी गुप्ते हा निष्ठावंत माणूस लंडनला गेला आणि १८५३पर्यंत तिथं झगडत राहिला. तह मोडला, तो तुम्ही मोडला, हे तो सांगत होता. पण तहाचा अर्थ लावायचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याकडेच त्याला दाद मागावी लागत होती. १८४८मध्ये प्रतापसिंहांच्या जागी गादीवर बसवलेले शहाजी महाराज वारले, दत्तक नामंजूर झाला, सातारा खालसा झालं. जहागीरदार तेवढे राहिले आणि ते थेट इंग्रजांचे मांडलिक झाले. १८५८च्या राणीच्या जाहीरनाम्यात कंपनीनं केलेले सगळे करार पाळले जातील असं वचन आलं. पुढची नव्वद वर्षं संस्थानिक त्या वचनाला धरून बसले.

आता १९१९. पहिलं महायुद्ध संपलं. सातारा जिल्ह्यातल्या गावोगावच्या पोरांनी मेसोपोटेमियात आणि फ्रान्सात रक्त सांडलं होतं. त्या रक्ताच्या बळावर हिंदुस्थानला व्हर्सायच्या तहावर सही करायचा मान मिळाला. २८ जून १९१९ रोजी हिंदुस्थानतर्फे दोन सह्या झाल्या. एक भारतमंत्री माँटेग्यू यांची आणि दुसरी बिकानेरचे महाराज गंगासिंह यांची. म्हणजे एक इंग्रज मंत्री आणि एक संस्थानिक. हिंदुस्थानच्या लोकांनी निवडून पाठवलेलं कुणी नाही. त्याच सहीवर हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा मूळ सभासद झाला. स्वतःचा कारभार स्वतःच्या हाती नसलेला तो एकमेव मूळ सभासद. याच काळात संस्थानिकांच्या मनात एक आशा रुजली. व्हर्सायला आपल्यातला एक जण सही करतो, तर दिल्लीत आपलं म्हणणं का ऐकलं जाऊ नये? फेब्रुवारी १९२१मध्ये नरेंद्र मंडळ स्थापन झालं. १०८ संस्थानिकांना स्वतःच्या हक्कानं जागा, आणि त्याखालच्या १२७ संस्थानांतर्फे मिळून फक्त बारा प्रतिनिधी. सांगलीला नऊ तोफांची सलामी होती. औंध-फलटणला सलामीच नव्हती. साहजिकच आपली मंडळी त्या रांगेत बरीच मागे उभी होती.

आता १९२५ आणि १९२६ ही दोन वर्षं शेजारी ठेवून बघा. या दोन वर्षांनी मला हा विषय सगळ्यात जास्त समजावला.

ऑक्टोबर १९२५मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो या तळ्याकाठच्या गावी जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, ब्रिटन आणि इटली यांनी करार केला. जर्मनी आणि फ्रान्स-बेल्जियमची सरहद्द कायम मानायची, तिची हमी ब्रिटन आणि इटलीनं घ्यायची. व्हर्सायला जर्मनीपुढे तयार मसुदा टाकला होता. लोकार्नोला जर्मनीला बरोबरीनं बसवलं. म्हणून युरोपनं त्याचा आनंद केला, आणि तो खोटा नव्हता. पण त्या करारात दोन छिद्रं होती. एक, पश्चिमेच्या सरहद्दीला हमी मिळाली, पूर्वेच्या नाही. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाला जर्मनीनं फक्त लवादाचं आश्वासन दिलं. सरहद्द दोन प्रकारच्या असतात, एक पक्की आणि एक बोलणी करण्याजोगी, असं त्या दिवशी नकळत ठरलं. दुसरी गोष्ट आपल्या संबंधातली. त्या करारात एक कलम असं होतं की ब्रिटिश स्वायत्त वसाहती किंवा हिंदुस्थान यांच्या सरकारांनी मान्य केल्याखेरीज त्यांच्यावर याची काही जबाबदारी नाही. कागदावर हिंदुस्थानचं वेगळं अस्तित्व इथवर मानलं गेलं होतं.

लोकार्नोला पाच-सहा महिने झाले नाहीत तोच, २७ मार्च १९२६ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांचं हैदराबादच्या निजामाला पत्र गेलं. वाद वऱ्हाडचा होता. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून कंपनीच्या ताब्यात गेलं होतं, आणि १९०२ साली कर्झननं ते वर्षाला पंचवीस लाखांच्या खंडावर कायमचं घेतलं होतं. निजामाचं म्हणणं, आम्ही आणि ब्रिटिश सरकार तहानं बांधलेले दोन बरोबरीचे पक्ष, तेव्हा हा प्रश्न बरोबरीनं सोडवा. रीडिंगचं उत्तर थोडक्यात असं: ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे, ती केवळ तहांवर उभी नाही, आणि कुठल्याही संस्थानिकानं ब्रिटिश सरकारशी बरोबरीनं बोलणी करायचा दावा करू नये. लोकार्नोत बरोबरीची भाषा करणारं सरकार तेच, आणि हैदराबादला बरोबरी नाकारणारं सरकारही तेच. माझ्या मनाला याहून जास्त खटकतं ते वेगळं. या पत्रव्यवहारात अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाण्याच्या मराठी माणसाला काय हवं आहे, हा प्रश्न निजामानं विचारला नाही आणि रीडिंगनंही विचारला नाही. खंड कुणाला मिळणार आणि झेंडा कुणाचा, एवढ्यावर भांडण होतं.

त्या पत्रानं सगळे संस्थानिक हादरले. सर्वात मोठ्या संस्थानाची ही गत, तर आपली काय? त्यांनी मागणी केली की आमच्या करारांचा अर्थ एकदा नीट लावा. १९२७च्या डिसेंबरात सर हार्कोर्ट बटलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. संस्थानिकांनी लंडनचे नामांकित बॅरिस्टर सर लेस्ली स्कॉट यांना उभं केलं. युक्तिवाद असा की आमचे करार थेट बादशहांशी आहेत, हिंदुस्थान सरकारशी नाहीत, तेव्हा उद्या हिंदुस्थानात लोकांचं सरकार आलं तर आम्हाला विचारल्याशिवाय हे करार त्या सरकारच्या हवाली करता येणार नाहीत. १९२९मध्ये अहवाल आला. समितीनं संस्थानिकांना नेमकं एवढंच दिलं. बाकी सार्वभौम सत्ता ती सार्वभौमच राहील, तिच्या मर्यादा आखता येणार नाहीत, असं बजावलं. त्याच अहवालातला एक आकडा मोलाचा आहे. साडेपाचशेवर संस्थानं, पण रीतसर तह होते ते जेमतेम चाळीस संस्थानांशी. बाकीच्यांजवळ सनदा, करारमदार, किंवा नुसता रिवाज. ज्या तहांच्या नावानं एवढी लढाई चालली होती ते तह बहुतेकांजवळ नव्हतेच.

आणि प्रजा? इथं आपल्या भागाचं नाव अभिमानानं घेण्याजोगं आहे. त्याच डिसेंबर १९२७मध्ये मुंबईत अखिल भारतीय संस्थानी प्रजा परिषद भरली. दख्खनच्या संस्थानांतल्या कार्यकर्त्यांनी त्याच्या आधीपासूनच पुण्यात बसून संस्थानी प्रजेच्या सभा-परिषदा चालवल्या होत्या. त्यांत मिरजेशी जन्माचं नातं असलेले न. चिं. केळकर होते, आणि सांगलीचे वकील, पुण्याच्या लॉ कॉलेजात शिकवणारे प्रा. ग. र. अभ्यंकर होते. अभ्यंकरांनी ‘प्रॉब्लेम ऑफ इंडियन स्टेट्स’ हा ग्रंथ लिहून हा प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला. करार राजाशी झाला असला तरी तो राज्यासाठी झालेला असतो, राज्य म्हणजे तिथली माणसं, आणि त्या माणसांनाही सार्वभौम सत्तेकडे दाद मागायचा हक्क आहे, अशी त्यांच्या पक्षाची भूमिका होती. प्रजेच्या प्रतिनिधींनी बटलर समितीपुढे तोंडी साक्ष द्यायची परवानगी मागितली. समितीनं ती नाकारली, लेखी निवेदन तेवढं ठेवून घेतलं. लेस्ली स्कॉटना दिवसचे दिवस ऐकणाऱ्या समितीला सांगलीच्या आणि काठेवाडच्या वकिलांना ऐकायला वेळ नव्हता.

त्या अहवालात एक वाक्य मात्र येऊन गेलं. प्रजेची राज्यकारभारात हक्काची मागणी मोठ्या प्रमाणावर उठली, तर संस्थानिकाला न काढता ती मागणी पुरी होईल असा उपाय सुचवणं सार्वभौम सत्तेचं कर्तव्य ठरेल, असा त्याचा आशय. हे वाक्य बटलरला स्वतःहून सुचलं असेल असं मला वाटत नाही. दाराबाहेर थांबवलेल्या माणसांचा आवाज आत पोचला होता.

समिती काम करत असतानाच, २७ ऑगस्ट १९२८ रोजी, पॅरिसमध्ये केलॉग-ब्रियाँ करार झाला. युद्ध हे राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून वापरायचं नाही अशी शपथ पंधरा राष्ट्रांनी घेतली. त्यात हिंदुस्थानही होता. हिंदुस्थानतर्फे सही केली लॉर्ड कशेंडन यांनी, म्हणजे ज्यांनी ब्रिटनतर्फे केली त्यांनीच. तो करार मोडल्यास काय, याचं कलमच त्यात नव्हतं. तीन वर्षांत जपाननं मंचुरिया घेतला.

गोलमेज परिषदेबद्दल मी थोडक्यात बोलेन, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. नोव्हेंबर १९३०मध्ये लंडनला पहिली परिषद भरली. संस्थानिकांच्या रांगेत आपल्याकडचे सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन होते. ब्रिटिश हिंदुस्थान आणि संस्थानं मिळून एक संघराज्य, ही कल्पना तिथं संस्थानिकांनी उचलून धरली आणि सगळे चकित झाले. १९३३ साली कोल्हापूर आणि दख्खनची संस्थानं मुंबई सरकारकडून काढून थेट दिल्लीच्या हाताखाली दिली गेली. रेसिडेंट कोल्हापूरला बसू लागला. फलटण-औंधवर नजर ठेवणारा साताऱ्याचा कलेक्टर गेला. १९३५च्या कायद्यात संघराज्याची तरतूद आली. पण अट अशी, की पुरेशा संस्थानिकांनी सामीलनाम्यावर सही केल्याशिवाय संघराज्य जन्माला यायचं नाही. संघाच्या वरिष्ठ सभागृहात संस्थानांच्या १०४ जागा. त्यातल्या किमान ५२ जागांचे धनी आणि संस्थानी लोकसंख्येपैकी निम्म्या लोकांचे राजे आत यायला हवेत. त्या सभागृहात संस्थानांच्या जागांवर बसणार कोण? राजांनी नेमलेली माणसं. प्रजेनं निवडलेली नव्हेत. हरिपुऱ्याच्या काँग्रेसनं आणि प्रजा परिषदेनं याच मुद्द्यावर विरोध केला, आणि तो विरोध योग्यच होता. संस्थानिक चार वर्षं अटींवर घासाघीस करत राहिले. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी त्यांच्याकडे खास दूत पाठवले. पण सामीलनाम्यावर सह्या झाल्या नाहीत.

इकडे युरोपात आघाड्या महिन्या-महिन्याला फिरत होत्या. जानेवारी १९३४मध्ये पोलंडनं हिटलरशी अनाक्रमणाचा करार केला. मे १९३५मध्ये फ्रान्स आणि रशियाचा करार झाला, त्यापाठोपाठ चेकोस्लोव्हाकिया आणि रशियाचा. पण त्यात अट अशी, की फ्रान्स आधी मदतीला आला तरच रशिया येणार. एप्रिल १९३५मध्ये स्ट्रेसा इथं ब्रिटन, फ्रान्स, इटली यांनी एकजूट जाहीर केली. जूनमध्ये ब्रिटननं फ्रान्सला न विचारता जर्मनीशी आरमाराचा करार केला. ऑक्टोबरात इटलीनं अबिसिनियावर हल्ला केला. सहा महिन्यांत त्या एकजुटीचं नामोनिशाण उरलं नाही.

मग १९३८चा शरद ऋतू. म्युनिकला २९ सप्टेंबरला चेंबरलेन, दालादिए, हिटलर आणि मुसोलिनी बसले. विषय चेकोस्लोव्हाकियाचा. त्या देशाचे दोन प्रतिनिधी त्याच शहरात हॉटेलात बसून होते. त्यांना आत घेतलं नाही. मध्यरात्र उलटल्यावर करार त्यांच्या हातात ठेवला आणि हे मान्य करा म्हणून सांगितलं. ज्या फ्रान्सशी चेकोस्लोव्हाकियाचा १९२४पासून मैत्रीचा तह होता, त्या फ्रान्सची सही त्या कागदावर होती. काही दिवसांतच पोलंडनं त्याच दुबळ्या शेजाऱ्याचा तेशेनचा तुकडा घेतला. लहान राष्ट्रांनीही आपल्याहून लहानाला विचारलं नाही, हे सांगितल्याशिवाय या प्रकरणाचा खरेपणा राहणार नाही.

म्युनिकनंतर दोन महिन्यांच्या आत, नोव्हेंबर १९३८मध्ये, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, आपले बाळासाहेब महाराज, यांनी जाहीर केलं की आपण आपल्या प्रजेला पूर्ण जबाबदार राज्यपद्धती देत आहोत. वय सत्तरीचं. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, स्वतः चित्रं काढणारे, कीर्तन करणारे, यमाईच्या डोंगरावर चित्रसंग्रहालय उभारणारे राजे. संस्थान ५०१ चौरस मैलांचं, बहात्तर गावांचं, तेही सलग नाही. औंधची गावं एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर विजापूरकडे. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर होऊन नुकते परतले होते, वय सव्वीस. आणि त्यांच्यासोबत होता मॉरिस फ्रीडमन. जन्म वॉर्सॉचा, यहुदी घरातला, व्यवसायानं इंजिनिअर. बंगळूरला म्हैसूर सरकारच्या विजेच्या कारखान्यात तो काम करत होता. भगवी वस्त्रं घेऊन भारतानंद झालेला हा माणूस पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या मराठी निरूपणांचं इंग्रजी करून जगभर प्रसिद्ध झाला. पण औंधच्या लोकांनी त्याला आधी पाहिला तो गावोगाव हिंडून पंचायतीची घडी बसवताना.

राजे, आप्पासाहेब आणि फ्रीडमन गांधीजींना भेटले. गांधीजींनी मसुदा नुसता वाचला नाही, तो घडवला. गावातल्या प्रौढ साक्षर माणसांनी पाच जणांची पंचायत निवडायची. पंचायतींतून तालुक्याची समिती, आणि तिच्यातून संस्थानचं विधिमंडळ. साक्षरतेची अट गांधीजींची. ती मला पुरती पटत नाही, कारण निरक्षर शेतकऱ्याला आपलं हित कळतं. पण त्या अटीमुळे औंधच्या गावांत रात्रीच्या शाळा निघाल्या, हेही खरं. किरकोळ दिवाणी-फौजदारी तंटे गावातच सोडवायचे. वसुलातला वाटा गावाला परत मिळायचा. राजवाड्याचा खर्च बांधून द्यायचा. २१ जानेवारी १९३९ रोजी या राज्यघटनेवर राजांची सही झाली.

कल्पना करा. आटपाडीच्या माणदेशातलं एखादं खेडं. पिण्याच्या पाण्याची पंचाईत, दर तिसऱ्या वर्षी दुष्काळ. तिथं विहीर कुठं पाडायची, शाळेची भिंत कुणी बांधायची, बांधाच्या भांडणात कुणाचं खरं, हे पाच निवडलेले पंच देवळाच्या ओसरीवर बसून ठरवतात आणि त्यांच्या निवाड्याला कायद्याचा आधार आहे. दिल्लीत व्हाइसरॉय संघराज्याच्या कलमांवर संस्थानिकांची मनधरणी करत असतानाच हे चाललं होतं. आटपाडीजवळच स्वतंत्रपूरची खुली वसाहत निघाली. शिक्षा झालेल्या कैद्यांना तिथं भिंतीविना ठेवलं गेलं. व्ही. शांतारामांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा तीच.

औंधला मी एवढा वेळ देतो, कारण या वीस वर्षांतल्या करारांच्या गर्दीत हा एक करार निराळ्या जातीचा आहे. वर असलेल्या सत्तेशी घासाघीस करून आपलं आसन पक्कं करण्याऐवजी या राजानं खालच्या माणसांशी करार केला. आणि तो करणाऱ्यांत वॉर्सॉचा एक माणूस होता, ज्याच्या देशाचं पुढच्या सप्टेंबरात काय होणार हे त्याला ठाऊक नव्हतं.

मार्च १९३९मध्ये हिटलर प्रागमध्ये शिरला. ब्रिटननं पोलंडला हमी दिली, लोकार्नोत जी द्यायचं नाकारलं होतं ती, चौदा वर्षं उशिरा. २३ ऑगस्टला मॉस्कोत जर्मनी आणि रशियाचा अनाक्रमण करार झाला. कालपर्यंत एकमेकांना शिव्या देणारे एका टेबलाशी बसले, आणि गुप्त कलमानं पोलंड वाटून घेतला. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मन आले, १७ला पूर्वेकडून रशियन. ३ सप्टेंबरला लिनलिथगोनं हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं, एकाही हिंदी माणसाला न विचारता. ११ सप्टेंबरला संघराज्याची तयारी थांबवल्याचं सांगितलं. चार वर्षं चाललेली सामीलनाम्यांची बोलणी त्या एका घोषणेनं बासनात गेली.

मॉस्कोच्या त्या कागदाचं पुढं काय झालं ते बघायला आपल्याला पोलंडला जायला नको. पूर्व पोलंडमधली लाखो माणसं १९४० आणि ४१ साली सैबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार झाली. जर्मनीनं रशियावर हल्ला केल्यावर आघाडी पुन्हा फिरली. जुलै १९४१मध्ये रशियानं पोलंडच्या परागंदा सरकारशी करार केला आणि त्या हद्दपारांना मोकळं केलं. ते इराणमार्गे बाहेर पडले. त्यातल्या सुमारे पाच हजारांना, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला जागा मिळाली. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. १९४८पर्यंत ती माणसं पंचगंगेच्या खोऱ्यात राहिली. पाचगणीलाही त्यांच्या आजारी माणसांची सोय झाली होती. आज वळिवड्याच्या त्या जागी गांधीनगर आहे, आणि तिथं फाळणीत घरदार गमावलेले सिंधी लोक येऊन राहिले. एका जागी दोन वेगवेगळ्या कागदांनी उखडलेली माणसं लागोपाठ येऊन राहिली, असं ठिकाण महाराष्ट्रात दुसरं मला माहीत नाही.

औंधचं काय झालं? १९४२च्या चळवळीत कुंडल परिसरात प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांना जो आसरा मिळाला, त्याला औंधची राजवट कारण होती. १९४६-४७मध्ये दख्खनच्या काही संस्थानांनी एकत्र येऊन संघ करायचा प्रयत्न केला. लोकांना तो नको होता, त्यांना सरळ विलीनीकरण हवं होतं. जानेवारी १९४८च्या अखेरीस गांधीजींचा खून झाला, पाठोपाठ या सगळ्या भागात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली, आणि संस्थानांचं बळ किती तोकडं आहे ते दिसून आलं. फेब्रुवारीत राजांनी विलीनीकरणाच्या करारांवर सह्या केल्या. ८ मार्च १९४८ रोजी फलटण, भोर, औंध, जत, सांगली, मिरज मुंबई राज्यात आली. १८१९-२०च्या करारांवर उभे असलेले अंमल त्या दिवशी संपले. ते संपणं योग्यच झालं. फलटणचे मालोजीराजे पुढे मुंबई राज्यात मंत्री झाले. आप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. पूर्व आफ्रिका, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, आणि पुढे लंडन. म्हणजे रंगो बापूजी ज्या शहरात दाद मागत फिरला, तिथं सातारच्या मुलखाचा माणूस देशाचा प्रतिनिधी म्हणून बसला.

पण त्या ८ मार्चला औंधच्या पंचायतींचे अधिकारही गेले. गावच्या पाच माणसांनी निवाडा द्यायचा, वसुलातला वाटा गावात ठेवायचा, ही व्यवस्था मुंबई राज्याच्या कायद्यात बसत नव्हती. संस्थानाबरोबर तीही खालसा झाली. माझ्या मते ही चूक होती, आणि ती आपल्या स्वतंत्र सरकारची चूक होती. पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळायला १९९२ साल उजाडलं.

माझी लोणंदकरांना एक विनंती आहे. औंध, कुंडल, आटपाडीच्या पट्ट्यात, आणि फलटण-भोरच्या गावांतही, त्या वेळच्या पंचायतींचे आणि प्रजा परिषदांचे कागद अजून घराघरांतल्या पेट्यांत असण्याचा संभव आहे. इतिवृत्तं, पावत्या, निवडणुकीच्या याद्या. घर पाडताना, वाटण्या करताना हे कागद रद्दीत जातात. ते देऊ नका. तुमच्या वाचनालयात आणून द्या, निदान फोटो काढून ठेवा. लोकार्नोचे आणि म्युनिकचे कागद जपायला मोठमोठे दप्तरखाने आहेत. ओसरीवर बसून गाव चालवलेल्या माणसांचे कागद आपण जपले नाहीत तर दुसरं कुणी जपणार नाही.